स्वस्त आणि महाग स्पीकरची तुलना मोबाईलवर कशी करायची?

निघोजे गावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत दोन ब्लूटूथ स्पीकर आहेत. माझा दीड हजाराचा, रूममेटचा पंधरा हजारांचा. पहिल्या दिवशी दोन्ही फुल व्हॉल्यूमवर लावले आणि महागडा जिंकला. मी तसलाच ईएमआयवर घ्यायला निघालो होतो. पण ती तुलनाच चुकीची होती. एखादा स्पीकर एक-दोन डेसिबलने जरी मोठा वाजला, तरी कानाला तोच 'भारी' वाटतो. म्हणून आधी आवाज सारखा करायचा, मग ऐकायचं.

खोक्यावरचे आकडे

- वॉट: 'पीएमपीओ' सोडून द्या, 'आरएमएस' बघा. वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट!
- फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स: नुसतं '20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ' लिहिलं असेल तर काहीच कळत नाही. सोबत '±3 डेसिबल' अशी मर्यादा दिलेली हवी.

घरी कसं मोजायचं?

1. स्पीकर बंद ठेवून साउंड मीटर ॲपवर खोलीतला आवाज मोजा. आमच्याकडे एमआयडीसीचे ट्रक सुरू असले की हा आकडाच वर जातो. स्पीकरचं रीडिंग त्यापेक्षा किमान 10 डेसिबल जास्त हवं.
2. स्पीकर स्टुलावर, भिंतीपासून लांब ठेवा. कोपऱ्यात बेस उगाच वाढतो. फोन 1 मीटरवर, त्याच उंचीवर. फोन हलवू नका, फक्त स्पीकर बदला.
3. पिंक नॉइज लावून दोन्ही स्पीकर एकाच रीडिंगवर आणा, उदाहरणार्थ 70 डेसिबल. फोनचा आकडा अचूक नसतो, पण फोन तोच असल्यामुळे तुलना चालते.
4. 'स्पेक्ट्रॉइड'सारख्या ॲपवर बेस कुठे खाली येतो ते बघा. फोनचा माइक मुळात बोलण्यासाठी असतो, त्यामुळे अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीवर भरवसा ठेवू नका.
5. आता डोळे मिटा, मित्राला स्पीकर बदलायला सांगा आणि 10 वेळा ओळखा. 5 बरोबर आले तर तो नुसता अंदाज. 9 किंवा 10 आले तर फरक खरा.

प्रयोगशाळेत हेच काम प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत होतं. 'सीटीए-2034' या मानकात स्पीकरभोवती 70 ठिकाणांहून मोजमाप घेतात, कारण आपल्यापर्यंत भिंतींवरून परतलेला आवाजही पोहोचतो.

मग काय निघालं?

आवाज सारखा केल्यावर बातम्या आणि लेक्चरमध्ये मला फरक धड ओळखता आला नाही. ढोल-ताशा लावला तेव्हा मात्र लगेच कळला. व्हॉल्यूम वाढवला की माझ्या स्पीकरचा बेस गळायचा, त्याचा टिकायचा.

म्हणजे महागडा स्पीकर खरंच चांगला होता, पण माझ्या रोजच्या कामासाठी नाही. ईएमआय वाचला. तुम्हीही घ्यायच्या आधी मित्राचा स्पीकर एक दिवस मागून आणा आणि मोजून बघा.