पोलीस शिपाई भरती : चाचणीतील न्याय आणि अल्पसंख्य समाजांचा प्रवेश
(कात्रप-बदलापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना

बदलापूर पूर्वेकडील कात्रप हा मूळचा गावभाग आज मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गालगत पसरलेल्या दाट नागरी वस्तीत मिसळून गेला आहे. जुने ग्रामस्थ, नोकरीनिमित्त आलेला मध्यमवर्ग, बौद्ध व मुस्लिम कुटुंबे, आसपासच्या डोंगरपट्ट्यातील ठाकूर व कातकरी वाड्या आणि जवळच्या उल्हासनगरातील सिंधी समाज असे अनेक समाजघटक या परिसरात एकमेकांशेजारी नांदतात. बदलापूरची पोलीस ठाणी ठाणे शहर पोलीस आयुक्तालयाच्या उल्हासनगर परिमंडळात येतात. या ठाण्याची पायरी चढणाऱ्या माणसाला समोर कोण भेटते आणि त्या पदावर ती व्यक्ती कोणत्या कसोटीतून पोहोचते, हा प्रश्न प्रशासनाचा आहे, तसाच तो सामाजिक इतिहासाचाही आहे.

मुंबई इलाख्यात व पुढे महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे मिळाली. त्यांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. जन्मावर आधारलेली बंदी उठल्यानंतर चाचणीची रचना हाच प्रवेशाचा नवा उंबरठा ठरला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

चाचणीपूर्वीची बंदी

ब्रिटिशपूर्व काळातील ग्रामरक्षणाची व्यवस्था वतनावर उभी होती. पाटील हा गावच्या बंदोबस्ताचा प्रमुख, तर महार हा गावाच्या सीमेचा, वाटेचा आणि निरोपाचा राखणदार होता. रामोशी, भिल्ल व कोळी यांच्याकडेही ठिकठिकाणी जागल्याची कामे होती. रक्षणाचे काम जन्माने ठरलेले असल्यामुळे तेथे परीक्षेचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

ब्रिटिश राजवटीने या समाजांचा उपयोग करून घेतला, परंतु तो आपल्या सोयीने. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने खानदेशात भिल्लांची स्वतंत्र पलटण उभारली. दुसऱ्या बाजूला, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि १९११ नंतर त्याची व्याप्ती देशभर वाढली. ज्यांच्या पूर्वजांनी गावे राखली, त्यांच्यातील काहींना आता पोलिसांकडे हजेरी द्यावी लागू लागली.

लष्करात 'लढाऊ जाती'ची कल्पना प्रबळ झाल्यावर १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती थांबवण्यात आली. याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये दख्खनच्या महारांच्या वतीने भारतमंत्र्यांकडे विनंती अर्ज पाठवण्यात आला. त्यात सरकारी नोकरीतील कनिष्ठ जागा, पोलीस शिपायाची जागा आणि लष्करातील प्रवेश यांची मागणी होती. या अर्जांची भाषा नम्र असली तरी त्यांचा आशय मूलगामी होता. अर्जदारांनी परीक्षेत सवलत मागितलेली नव्हती. परीक्षेला उभे राहण्याची परवानगी एवढीच त्यांची मागणी होती.

अर्जापासून हक्कापर्यंत

विनंतीचे रूपांतर हक्कात करण्याचे श्रेय डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना जाते. २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन आयोगाला निवेदन सादर केले. लष्कर, नौदल व पोलीस यांत अस्पृश्यांना निर्बंधाविना भरतीचा हक्क असावा, ही त्यातील एक मागणी होती. मुलकी नोकऱ्यांत ३० वर्षे प्राधान्य मिळावे, असेही त्यात म्हटले होते. प्रत्येक जिल्ह्यासाठी अस्पृश्यांमधूनच एक खास पोलीस निरीक्षक नेमला जावा, ही मागणी विशेष लक्षणीय होय.

या शेवटच्या मागणीमागील विचार समजून घेणे आवश्यक आहे. पोलिसाची सत्ता दैनंदिन व्यवहारात प्रकट होते. तो घरात शिरतो, झडती घेतो, खांद्यावर हात ठेवून अटक करतो आणि फिर्याद लिहून घेतो. ज्याचा स्पर्श वर्ज्य मानला गेला, त्याच्या हाती हा अधिकार देणे म्हणजे अस्पृश्यतेच्या मुळालाच हात घालणे होते. शिवाय, पाणवठ्यावर वा मंदिराच्या दारी अत्याचार झाल्यास ज्याच्याकडे फिर्याद न्यायची तो अंमलदारच गावच्या बहुसंख्याकांपैकी असे. त्यामुळे भरतीची मागणी रोजगारापुरती मर्यादित नव्हती. तिच्यामागे न्याय मिळण्याची निकड होती.

१९२८ मध्ये मुंबई सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते आणि १९३० मध्ये तिचा अहवाल आला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ ने संधीची समानता व मागासवर्गांसाठी आरक्षण या दोन्ही तत्त्वांना एकत्र स्थान दिले. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद वंशपरंपरेतून बाहेर काढून नेमणुकीचे केले. जन्मावर आधारलेली बंदी अशा रीतीने कायद्यापुरती संपुष्टात आली.

चाचणीची रचना आणि तिचे परिणाम

सर्वांना एकच मोजपट्टी लावली म्हणजे न्याय झाला, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्रातील अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. शिपाई भरतीत पुरुषांसाठी १६५ सेंटिमीटर व महिलांसाठी १५५ सेंटिमीटर किमान उंची, पुरुषांसाठी छातीचे माप, मैदानी चाचणी आणि मराठीतून लेखी परीक्षा असे टप्पे आहेत. यांपैकी प्रत्येक टप्पा कोणत्या ना कोणत्या गटास अनुकूल व दुसऱ्यास प्रतिकूल ठरतो. पिढ्यान्‌पिढ्या कुपोषण सोसलेल्या समाजातील तरुण धावण्यात सरस असूनही उंचीच्या मापातच बाद होऊ शकतो.

टप्प्यांचा क्रम व गुणांचे वजन यांचाही परिणाम होतो. पूर्वी मैदानी चाचणीला १०० गुण होते. २०१९ च्या बदलाने ते ५० वर आले आणि लेखी परीक्षा आधी घेण्याचे ठरले. शिकवणी वर्ग परवडणाऱ्या शहरी उमेदवारांना याचा लाभ होईल आणि ग्रामीण तरुण मागे पडतील, अशी टीका झाली. २०२२ मध्ये मैदानी चाचणी पुन्हा आधी आणण्यात आली. उमेदवार तेच आणि पदही तेच असताना केवळ क्रम बदलल्याने निवडीचे चित्र बदलू शकते, हे यावरून दिसते.

चाचणी कामाच्या गरजेशी सुसंगत असावी, हाही न्यायाचाच भाग आहे. जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर हे अंतर कमी करण्यात आले. आज जिल्हा पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते.

हा पेच केवळ महाराष्ट्रापुरता नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ग्रिग्ज खटल्यात, वरकरणी तटस्थ असलेली परीक्षा कामाशी संबंधित नसेल आणि एका गटाला वगळत असेल तर ती नागरी हक्क कायद्याचा भंग ठरते, असे म्हटले. १९७६ च्या वॉशिंग्टन विरुद्ध डेव्हिस या पोलीस भरतीविषयक खटल्यात मात्र केवळ विषम परिणाम हा घटनाभंगाचा पुरेसा पुरावा नव्हे, असा निर्णय दिला. उत्तर आयर्लंडने वेगळी वाट धरली. पॅटन आयोगाच्या १९९९ च्या अहवालानंतर २००१ ते २०११ या काळात पात्र उमेदवारांतून कॅथलिक व इतर यांची निम्मी-निम्मी निवड झाली आणि दलातील कॅथलिकांचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांवरून सुमारे ३० टक्क्यांपर्यंत गेले.

धार्मिक, लिंगभावी व भाषिक अल्पसंख्याक

१९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या न्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये शासनास सादर झाला. त्यात पोलिसांच्या मुस्लिमविरोधी पूर्वग्रहावर स्पष्ट बोट ठेवले होते. २००६ च्या सच्चर समितीने देशातील पोलीस शिपायांत मुस्लिमांचे प्रमाण सुमारे ६ टक्के असल्याचे नोंदवले. २००१ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत ते १३.४ टक्के होते. महाराष्ट्रात पुढे अल्पसंख्याक उमेदवारांसाठी पोलीस शिपाई भरतीपूर्व प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. या योजनेने मोजपट्टीला हात न लावता तयारीतील विषमता कमी करण्याचा मार्ग स्वीकारला.

महिलांना १९९४ च्या राज्य महिला धोरणापासून शासकीय सेवेत ३० टक्के समांतर आरक्षण मिळाले. तृतीयपंथीयांना मात्र अर्जात स्वतःची नोंद करण्यासाठी रकानाच नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर शासनाने तो उपलब्ध करण्याचे आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरवण्याचे मान्य केले. परीक्षेला उभे राहण्याची परवानगी मागणाऱ्या १९१० च्या अर्जाची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

भाषेचा प्रश्न कात्रपच्या परिसराला अधिक जवळचा आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी भाषेचा १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. शिपाई भरतीत मात्र मराठी व्याकरण हा अनिवार्य विषय आहे. राज्यकारभाराची भाषा पोलिसाला आली पाहिजे, हे योग्यच होय. तथापि, गडचिरोलीत शिपाई पदासाठी गोंडी व माडिया भाषांची स्वतंत्र लेखी परीक्षा घेतली जाते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. तेथे अल्पसंख्य समाजाची भाषा ही पोलिसी कामाची गुणवत्ता मानली गेली आहे. उल्हासनगर परिमंडळात सिंधी अथवा वाड्यांवरील बोली जाणणाऱ्या उमेदवाराच्या या ज्ञानाला चाचणीत स्थान नाही. शिवाय राज्यातील कोणताही पात्र रहिवासी येथील घटकात अर्ज करू शकतो. त्यामुळे निवडला गेलेला शिपाई परिसराचा जाणकार असेलच, असे नाही.

निष्कर्ष

१. मुंबई इलाख्यातील वंचित समाजांचा पोलीस दलातील प्रवेश हा अर्ज, हक्क व आरक्षण अशा टप्प्यांनी घडला. त्याची प्रेरणा नोकरीइतकीच न्याय मिळवण्याची होती.

२. आरक्षणाने जागा राखल्या जातात. त्या जागेपर्यंत कोण पोहोचतो, हे मात्र उंची, अंतर, भाषा व टप्प्यांचा क्रम यांवरून ठरते. म्हणून प्रत्येक निकषाचा कामाशी असलेला संबंध वेळोवेळी तपासला जाणे आवश्यक आहे.

३. स्थानिक भाषेचे ज्ञान गडचिरोलीप्रमाणे अन्य बहुभाषिक परिसरांतही गुणवत्ता म्हणून मोजता येण्याजोगे आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बालिकांवरील अत्याचाराच्या प्रकरणात तक्रार नोंदवण्यास झालेल्या विलंबामुळे संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखून धरली. दलाची सामाजिक रचना बदलल्याने असे विलंब आपोआप टळतील, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु फिर्यादीचे म्हणणे ऐकून घेणारा माणूस त्या म्हणण्याचे गांभीर्य जाणणारा असावा, ही अपेक्षा १९२८ च्या निवेदनाइतकीच जुनी आहे. भरतीच्या मैदानावर लावली जाणारी फूटपट्टी ठाण्यात मिळणाऱ्या न्यायाशी जोडलेली आहे, याचे भान निकष ठरवणाऱ्यांनी ठेवणे अगत्याचे आहे.