चित्रातला चिनी माणूस

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवर चित्रांविषयी बोलायचं म्हणजे जरा पंचाईतच. चित्र तुमच्या डोळ्यांसमोर नाही आणि मला ते नुसत्या शब्दांनी उभं करायचं आहे. तरीही आज मी हा विषय मुद्दाम निवडला आहे. एकोणिसाव्या शतकात जे चिनी लोक पोटासाठी अमेरिकेत गेले, त्यांना तिथल्या नियतकालिकांनी आणि छायाचित्रकारांनी कसं दाखवलं, हा तो विषय. इतकी वर्षं इतिहास शिकवताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. एखाद्या समाजाविरुद्ध कायदा होतो, त्याच्या बऱ्याच आधी त्या समाजाचं एक चित्र तयार झालेलं असतं. लोकांच्या डोक्यात आधी ते चित्र बसतं आणि मग कायद्याला माना डोलावणं सोपं जातं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. ही बातमी जहाजांबरोबर हाँगकाँगला आणि तिथून दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात पोचली. तिथले लोक कॅलिफोर्नियाला ‘गाम सान’, म्हणजे सोन्याचा डोंगर म्हणू लागले. एकट्या १८५२ सालात सुमारे वीस हजार चिनी माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात उतरली. त्याच वर्षी परदेशी खाणकामगारांवर दरमहा तीन डॉलरचा कर बसला आणि तो वसूल झाला मुख्यतः चिन्यांकडून. १८५४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालणार नाही. म्हणजे डोळ्यांदेखत खून झाला, तरी चिनी साक्षीदाराला कोर्टात तोंड नाही.

गंमत अशी, की या सुरुवातीच्या काळातले काही फोटो फार साधे आणि सरळ आहेत. आयझॅक बेकर नावाच्या छायाचित्रकारानं १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला एका चिनी माणसाचा फोटो काढला. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा हा फोटो आज ओकलंडच्या संग्रहालयात आहे. त्यात एकच माणूस आहे आणि त्याला स्वतःचा चेहरा आहे. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढच्या तीस वर्षांत हा चेहराच हरवत गेला.

आता त्या काळातला सगळ्यात प्रसिद्ध फोटो घ्या. १० मे १८६९, यूटामधलं प्रोमॉन्टरी. पूर्वेकडून आलेला आणि पश्चिमेकडून आलेला लोहमार्ग इथं जोडला गेला. अँड्र्यू रसेलनं काढलेल्या फोटोत दोन इंजिनं समोरासमोर उभी आहेत, मधोमध दोन्ही कंपन्यांचे मुख्य अभियंते हात मिळवत आहेत, इंजिनांवर चढलेली माणसं एकमेकांकडे बाटल्या पुढे करत आहेत. वर्गात हा फोटो दाखवला, की मी मुलांना एकच प्रश्न विचारत असे : यात कोण नाही?

पश्चिमेकडचा मार्ग सेंट्रल पॅसिफिक कंपनीनं बांधला होता. काम ऐन जोरात असताना तिच्याकडे दहा ते बारा हजार चिनी कामगार होते. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमध्ये सुरुंग लावून बोगदे काढणारे हेच. हिमकडे कोसळून गाडले गेले तेही हेच. जून १८६७ मध्ये गोऱ्या कामगारांइतक्या मजुरीसाठी त्यांनी संप केला. कंपनीनं त्यांची रसद तोडली आणि आठवड्याभरात संप मोडला. तरी त्या गाजलेल्या फोटोत त्यांचा चेहरा जवळजवळ शोधूनही सापडत नाही. एखादी पाठमोरी आकृती चिनी कामगाराची असावी का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आणि हेही सांगायला हवं, की रसेलनंच त्या दिवशी काढलेल्या दुसऱ्या एका फोटोत शेवटचा रूळ बसवणारे चिनी कामगार दिसतात. म्हणजे त्यांचा फोटो निघालाच नाही, असं नाही. निघाला, पण पाठ्यपुस्तकात गेला नाही. कुठला फोटो काढायचा हे एक जण ठरवतो आणि कुठला लक्षात ठेवायचा हे दुसरेच कोणी ठरवतात.

त्या काळी वर्तमानपत्रात फोटो जसाच्या तसा छापता येत नसे. चित्रकारानं काढायचं, कारागिरानं लाकडावर कोरायचं, मग छापायचं. त्यामुळे वाचकांच्या मनात चिनी माणूस उभा केला तो व्यंगचित्रकारांनी. ‘हार्पर्स वीकली’चा थॉमस नास्ट हा त्यातला मोठा माणूस. १८ फेब्रुवारी १८७१ च्या अंकात त्याचं ‘चिनी प्रश्न’ या नावाचं चित्र आलं. शस्त्रं घेऊन जमाव चालून आला आहे, भिंतीवर चिन्यांना शिव्या देणारी पत्रकं चिकटवली आहेत आणि अमेरिकेचं प्रतीक असलेली कोलंबिया जमावाला दटावते आहे, की या देशात न्याय सगळ्यांना सारखा. नास्टची सहानुभूती खरी होती, यात शंका नाही. पण चित्रातला चिनी माणूस भिंतीशी मान खाली घालून बसला आहे. त्याची बाजू घेणाऱ्यांच्या चित्रातही तो मुकाच.

सहानुभूतीचं काय होतं, याचं आणखी एक उदाहरण. १८७० साली ब्रेट हार्ट या लेखकानं पत्ते खेळणाऱ्या एका चिनी माणसावर विनोदी कविता लिहिली. टोला होता गोऱ्या जुगाऱ्यांच्या दुटप्पीपणावर. लोकांनी मात्र नेमकं उलटं घेतलं. लबाड चिनी म्हणून ती कविता घरोघर पोचली, तिच्यावर चित्रं निघाली आणि चिनीविरोधी मंडळींनीच ती उचलून धरली.

१८७३ नंतर मंदी आली, बेकारी वाढली. १८७७ साली डेनिस कीअर्नी या पुढाऱ्यानं ‘चिन्यांनी गेलंच पाहिजे’ ही घोषणा सॅन फ्रान्सिस्कोत दुमदुमवली. तिथलंच ‘द वॉस्प’ नावाचं साप्ताहिक, १८७६ मध्ये सुरू झालेलं. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे पानभर रंगीत चित्रं. त्याचा चित्रकार होता जॉर्ज केलर. ११ नोव्हेंबर १८८१ च्या अंकातलं त्याचं चित्र असं : न्यू यॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा अजून उभा राहायचा आहे, तर आपल्या बंदरात कोणाचा पुतळा शोभेल? केलरनं तिथं फाटक्या कपड्यांतला चिनी माणूस उभा केला. पायाखाली कवटी, हातात अफूची नळी आणि डोक्याभोवतीच्या प्रकाशकिरणांवर शब्द : घाण, रोगराई, अनीती, गोऱ्या मजुरांचा सत्यानाश.

मग ३ मार्च १८८२ चं चित्र. आपल्या पोरांनी करायचं तरी काय, असा त्याचा मथळा. एकाच चिनी माणसाला कितीतरी हात. एका हातानं तो चिरूट वळतोय, दुसऱ्यानं जोडे शिवतोय, तिसऱ्यानं कपडे धुतोय. बाजूला गोरी मुलं रिकामी उभी. आपल्याकडे अनेक हात म्हटले की देवीची मूर्ती आठवते आणि आपण हात जोडतो. तिथल्या वाचकाला मात्र विळखा घालणारा प्राणीच दिसावा, अशी ती योजना होती. हजारो वेगवेगळ्या माणसांचे कष्ट एका धडाला चिकटवले, की उरतो तो राक्षस. या चित्रानंतर दोन महिन्यांनी, ६ मे १८८२ रोजी, अध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणाऱ्या कायद्यावर सही केली.

एका चित्रामुळे कायदा झाला, असं मी म्हणणार नाही. मतांचं राजकारण होतं, मजुरीचा झगडा होता. पण आकडे बघा. १८८० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या वर आणि त्यात चिनी १,०५,४६५. म्हणजे साधारण पाचशे माणसांत एक. बहुतेक अमेरिकनांनी आयुष्यात चिनी माणूस पाहिलाही नसेल. त्यांनी पाहिलं ते चित्र.

आणि हे रंगवणारे कोण? नास्ट जर्मनीत जन्मलेला, ‘वॉस्प’ काढणारे कॉर्बेल बंधू बोहेमियातून आलेले, कीअर्नी आयर्लंडचा. सगळे बाहेरूनच आलेले. मागून आलेल्याला दार लावण्यात आधी आलेलेच पुढे होते.

२ सप्टेंबर १८८५ रोजी वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज या खाणगावात गोऱ्या जमावानं २८ चिनी कामगारांना मारलं आणि त्यांची वस्ती जाळली. ‘हार्पर्स वीकली’नं पळणारी माणसं आणि मागून येणाऱ्या बंदुका, असं चित्र छापलं. शिक्षा कोणालाच झाली नाही. त्यानंतर सहाच आठवड्यांच्या आत, १० ऑक्टोबर १८८५ रोजी, त्याच देशात फिलाडेल्फियाला एक फोटो निघाला. तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे : साडीतल्या आनंदीबाई जोशी आणि त्यांच्यासोबत जपानच्या व सीरियाच्या दोन विद्यार्थिनी. तिघींची नावं फोटोखाली लिहिलेली आहेत. रॉक स्प्रिंग्जच्या चित्रात नाव कोणाचंच नाही.

पुढे सरकारलाही चिन्यांचे चेहरे हवेसे झाले, पण वेगळ्या कारणासाठी. १८९२ च्या गिअरी कायद्यानं प्रत्येक चिनी मजुरावर रहिवासाचा दाखला जवळ बाळगण्याची सक्ती केली आणि १८९३ च्या दुरुस्तीनं त्या दाखल्यावर फोटो आला. दाखला नाही, तर अटक आणि हद्दपारी. चिनी लोक याला ‘कुत्र्याच्या बिल्ल्याचा कायदा’ म्हणत. हजारोंनी नोंदणीच नाकारली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ते हरले.

याच सुमाराचा आणखी एक छायाचित्रकार म्हणजे अर्नोल्ड गेंथे, हाही जर्मनीहून आलेला. १८९५ पासून १९०६ च्या भूकंपापर्यंत त्यानं लहानशा कॅमेऱ्यानं सॅन फ्रान्सिस्कोची चिनी वस्ती टिपली. फोटो खरोखर सुंदर आहेत. पण पुढे अभ्यासकांनी मूळ काचा आणि छापलेली चित्रं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा कळलं की काही ठिकाणी गेंथेनं इंग्रजी पाट्या आणि तारा खोडल्या होत्या, मध्ये आलेला गोरा माणूस कापून टाकला होता. त्याला हवा होता गूढ पूर्वेचा एक तुकडा. टेलिफोनच्या तारेखालून चालणारा शहरी चिनी त्या चौकटीत बसत नव्हता. केलरनं द्वेषानं खाडाखोड केली, गेंथेनं कौतुकानं. खरा माणूस दोन्हीकडे वगळलाच गेला.

मग चिनी लोक स्वतः काहीच करत नव्हते का? करत होते. न्यू यॉर्कमध्ये वाँग चिन फू यानं १८८३ साली वर्तमानपत्र काढलं आणि कीअर्नीला जाहीर द्वंद्वाचं आव्हान दिलं. वर हत्यारं त्यानंच निवडावीत म्हणून यादी दिली : चॉपस्टिक, बटाटे की तोफा? सॅन फ्रान्सिस्कोच्या मेरी टेप या बाईंच्या मुलीला शाळेनं प्रवेश नाकारला, तेव्हा त्या कोर्टात गेल्या आणि १८८५ मध्ये खटला जिंकल्या. शिक्षणमंडळानं तरीही चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढून मुलीला तिकडे वळवलं. त्यावर त्यांनी मंडळाला लिहिलेलं खरमरीत पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. या मेरी टेप स्वतः उत्तम फोटो काढत. १८९२ साली, म्हणजे गिअरी कायद्याच्याच वर्षी, शहरातल्या एका दैनिकानं त्यांच्या या कलेवर लेख छापला. चिनी माणूस कॅमेऱ्यासमोर होता तसा कॅमेऱ्यामागेही होता.

बंदीचा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला, तोही वर्षाला १०५ माणसांच्या मर्यादेसह. अमेरिकेच्या संसदेच्या दोन्ही सभागृहांनी २०११ आणि २०१२ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्या काळच्या चौकशीच्या फायली आज तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत संशयापोटी घेतलेले हजारो फोटो आहेत. त्यातले अनेक जण ठेवणीतले कपडे घालून, ताठ बसून थेट समोर बघत आहेत. फोटो सरकारला हवा होता, पण कसं बसायचं हे त्यांनी ठरवलं. आज त्यांची नातवंडं-पणतवंडं याच फायलींमध्ये आपल्या आजोबा-पणजोबांचा चेहरा शोधायला येतात.

प्रोमॉन्टरीच्या त्या फोटोचंही असंच झालं. कॉर्की ली या चिनी-अमेरिकन छायाचित्रकाराला शाळेच्या पुस्तकातला तो फोटो आयुष्यभर सलत होता. १० मे २०१४ रोजी, घटनेला १४५ वर्षं झाली त्या दिवशी, त्यानं चिनी कामगारांच्या वंशजांना त्याच जागी इंजिनांसमोर उभं केलं आणि फोटो काढला. २०२१ मध्ये कोविडनं तो गेला. त्याच्या फोटोत कोणी बाटली उंचावत नाही. बायका-मुलांसकट सगळे कॅमेऱ्याकडे बघत उभे आहेत आणि प्रत्येकाचा चेहरा स्पष्ट दिसतो.