एमआरआयमध्ये ‘मेंदू आकसला आहे’ असे आले. मग नैराश्यावर उपचार करून उपयोग आहे का?

सत्तरी ओलांडलेले वडील काही महिन्यांपासून गप्प असतात, जेवण कमी झाले आहे, पहाटे तीनलाच जाग येते, नावे विसरतात. एमआरआय केला की रिपोर्टमध्ये ‘वयोमानानुसार सेरेब्रल अ‍ॅट्रोफी’ असे लिहिलेले असते. घरच्यांना वाटते, मेंदूच आकसला, आता औषधाचा काय उपयोग? असा रिपोर्ट तुमच्या हातात असेल तर एक लक्षात ठेवा: त्या शब्दांमुळे नैराश्यावरचा उपचार सोडू नका.

मेंदू आकसतो म्हणजे काय होते?

साठीनंतर मेंदूचे आकारमान दरवर्षी साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत कमी होते. केस पांढरे होण्यासारखाच हा वयाचा भाग आहे. असा रिपोर्ट असलेली अनेक माणसे स्वतःचे व्यवहार व्यवस्थित सांभाळतात. त्यामुळे केवळ या शब्दांवरून नैराश्य किंवा स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) ठरवता येत नाही.

नैराश्याशी त्याचा संबंध काय?

आठवणी आणि भावना या दोन्हींशी संबंधित असलेला मेंदूचा एक भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. नैराश्य असलेल्यांमध्ये, विशेषतः ज्यांना ते वारंवार होते त्यांच्यात, हा भाग सरासरीने थोडा लहान आढळतो. दीर्घकाळच्या ताणामुळे वाढलेले कॉर्टिसोल हे त्याचे एक कारण मानले जाते.

दुसरा मार्ग रक्तवाहिन्यांचा. उच्च रक्तदाब व मधुमेहामुळे मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, मेंदूच्या भागांमधील जोडण्या कमकुवत होतात आणि माणूस मंद, निरुत्साही होतो. म्हणून बीपी आणि साखर आटोक्यात ठेवणे हाही मनाच्या उपचाराचा भाग आहे.

नैराश्य की स्मृतिभ्रंश?

- नैराश्यात बदल काही आठवड्यांत जाणवतो. स्मृतिभ्रंश बहुधा हळूहळू, वर्षानुवर्षे वाढतो.
- नैराश्यात रुग्ण स्वतःच ‘मला काही आठवत नाही’ अशी तक्रार करतो. स्मृतिभ्रंशात ती तक्रार बहुतेक वेळा घरचे करतात.
- ज्येष्ठ व्यक्ती ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतात. अंगदुखी, पोट साफ न होणे, ‘काही नको वाटते’ अशाच तक्रारी असतात.

कधी कधी दोन्ही एकत्र असतात. उतारवयात पहिल्यांदाच आलेले नैराश्य ही स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असू शकते. म्हणून मन सावरल्यावर स्मरणशक्ती पुन्हा तपासून घ्या.

उपचार

आधी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर व सोडियम तपासावे. सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवा. काही औषधांमुळेही सुस्ती आणि विसराळूपणा येतो.

नैराश्याच्या गोळ्या कमी मात्रेत सुरू करतात. परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे लागू शकतात, तोवर धीर धरा. सुरुवातीच्या आठवड्यांत चक्कर, गोंधळ किंवा फार थकवा आला तर सोडियम तपासून घ्या. बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. समुपदेशनही तितकेच उपयोगी पडते.

चालण्याचा फायदा मोजला गेला आहे. अमेरिकेत १२० निरोगी ज्येष्ठांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभर नियमित वेगाने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. फक्त स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा कमी झाला. ‘आता काही होणार नाही’ हे खरे नाही. गुडघे किंवा हृदयाचा त्रास असेल तर किती चालावे हे डॉक्टरांना विचारा.

लगेच मदत कधी घ्यावी?

‘मी ओझे झालो’, ‘जगून काय करू’ असे बोलणे, जेवण किंवा पाणी सोडणे, अचानक गोंधळणे, अशा वेळी थांबू नका. रुग्णाला एकटे ठेवू नका, गोळ्या व कीटकनाशके त्यांच्या हाताशी राहू देऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. बोलण्यासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास मोफत उपलब्ध आहे.