हुगळीकाठी वेदनेची साक्ष

कोलकात्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या पूर्व काठावर बराकपूर वसले आहे. शालेय इतिहासात हे गाव येते ते मार्च १८५७ मध्ये मंगल पांडे यांनी तेथील छावणीत झाडलेल्या गोळीमुळे. याच गावी गव्हर्नर जनरलचे विश्रांतीचे निवासस्थान होते. घाटावर उभे राहिले की पैलतीरी श्रीरामपूर दिसते. त्याच पश्चिम काठाने उत्तरेकडे वीसेक किलोमीटर गेले की हुगळी हे जुने शहर लागते. वेदनेच्या विज्ञानात आजही न सुटलेला एक प्रश्न या नदीपट्ट्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी उघडपणे विचारला गेला होता. वेदना आहे की नाही, याचा निर्णय कोणाच्या शब्दावर करायचा?

४ एप्रिल १८४५ रोजी हुगळीच्या तुरुंगातील रुग्णालयात जेम्स एस्डेल हा स्कॉटिश सर्जन एका कैद्याच्या दोन्ही बाजूंच्या हायड्रोसीलवर उपचार करीत होता. एका बाजूचे काम झाले आणि कैदी वेदनेने तळमळू लागला. शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याची रीत तेव्हा रुजलेली नव्हती. अफू, दारू आणि रुग्णाला दाबून धरणारे दांडगे मदतनीस एवढाच सर्जनचा आधार. एस्डेलने मेस्मेरिझमविषयी वाचले होते, प्रयोग मात्र कधी पाहिला नव्हता. त्याने कैद्याला डोळे मिटायला सांगितले आणि त्याच्या चेहऱ्यावरून व छातीवरून हात फिरवण्यास आरंभ केला. बऱ्याच वेळाने कैदी निश्चेष्ट झाला. टाचण्या टोचून पाहिल्या, निखारा लावून पाहिला. तो हलला नाही. एस्डेलने लगोलग जिल्ह्याचे न्यायाधीश आणि कलेक्टर यांना साक्षीसाठी बोलावणे धाडले. ज्याच्या अंगाला निखारा लागला, त्याची साक्ष पुरेशी नव्हती. कैदी आणि सरकारी सर्जन यांच्यामध्ये ‘संमती’ या शब्दाला फारसा अर्थ नव्हता, हेही येथे विसरू नये.

पुढील आठ महिन्यांत एस्डेलने याच पद्धतीने सत्तरहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. हत्तीरोगामुळे वृषणकोशावर वाढलेल्या अवजड गाठी काढणे हे त्यांतील सर्वांत भीतिदायक काम. या विकाराचे रुग्ण बंगालमध्ये पुष्कळ होते आणि शस्त्रक्रियेत दगावणारेही पुष्कळ. तासन्‌तास हात फिरवण्याचे कष्ट एस्डेलने रुग्णालयातील हिंदू आणि मुसलमान मदतनिसांवर सोपवले; तो स्वतः केवळ शस्त्र चालवी. एका बंगाली मांत्रिकाची झाडफूक पाहून त्यातील हात फिरवणे आणि फुंकर घालणे आपल्याच पद्धतीसारखे आहे, असेही त्याने नमूद केले. १८४६ मध्ये त्याचे ‘मेस्मेरिझम इन इंडिया’ हे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले.

मेस्मेरिझमची कीर्ती मुळात चांगली नव्हती. फ्रान्झ मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ला कोणताही भौतिक आधार नाही, परिणाम होतो तो कल्पनाशक्तीचा, असा निर्णय पॅरिसमध्ये १७८४ सालीच झाला होता, निर्णय देणाऱ्यांत फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. त्यामुळे बंगाल सरकारने १८४६ मध्ये एस्डेलचे प्रयोग तपासण्यासाठी समिती नेमली. समितीसमोर कलकत्त्यात शस्त्रक्रिया झाल्या. काही रुग्ण अगदी शांत राहिले. काहींचे हात झटके देत होते, शरीर पिळवटत होते, चेहऱ्यावर दाबून ठेवलेल्या यातनेची छाया होती. मात्र जागे झाल्यावर आपल्याला काही दुखले नाही, असेच ते सांगत होते.

आता खरे काय मानायचे? पिळवटलेला चेहरा की रुग्णाचा शब्द? एस्डेलच्या टीकाकारांचे उत्तर तयार होते: हे गरीब बंगाली साहेबाला खूश करण्यासाठी सोंग करीत आहेत. जाणिवेत शस्त्राने कापले जात असताना माणूस केवळ आज्ञाधारकपणामुळे गप्प बसेल, हे त्यांना संमोहनापेक्षा अधिक संभाव्य वाटले. या तर्कात विज्ञान किती आणि वसाहतीची मिजास किती, हे वाचकांनी ठरवावे. समितीने मात्र पुढील चाचणीस अनुकूलता दाखवली आणि नोव्हेंबर १८४६ मध्ये कलकत्त्यात एक छोटे मेस्मेरिक रुग्णालय सुरू झाले.

योगायोग असा की, महिन्याभरापूर्वीच, १६ ऑक्टोबरला, बोस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला होता. १८४७ मध्ये ईथर आणि पाठोपाठ क्लोरोफॉर्म कलकत्त्यात पोहोचले. जे काम काही मिनिटांत होते, त्यासाठी तासन्‌तास हात कोण फिरवणार? एस्डेल १८५१ मध्ये मायदेशी परतला. शस्त्रक्रियेच्या वेदनेचा प्रश्न सुटला, आणि रुग्णाच्या शब्दाचा प्रश्न न सोडवताच बाजूला पडला. भूल दिलेल्या माणसाला काही विचारावेच लागत नाही.

जी वेदना शस्त्राविना येते आणि जात नाही, तिच्यापुढे क्लोरोफॉर्म निरुपयोगी होते. बराकपूरच्या समोर, श्रीरामपुरात, १८८३ मध्ये एक मराठी तरुणी राहत होती. पती गोपाळराव टपाल खात्यात. बदलीमुळे बिऱ्हाड तेथे आले होते. कलकत्त्याच्या वास्तव्यात तिला सततची डोकेदुखी, अशक्तपणा आणि मधूनमधून ताप यांनी ग्रासले होते. अमेरिकेहून आलेल्या औषधांनीही उतार पडला नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी यांनी आपण वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस का जातो, हे जाहीरपणे सांगितले. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, असे त्यांनी फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयास लिहिले होते. म्हणजे येथे अडचण अविश्वासाच्याही आधीची होती: वेदना सांगण्यासाठी समोर माणूसच नव्हता. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे २१.

बाजूला पडलेला प्रश्न विसाव्या शतकात प्रयोगशाळेत परतला. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्त मांडला: इजेचा संदेश तारेतून जावा तसा मेंदूत थेट जात नाही, मज्जारज्जूतच त्याच्यावर नियंत्रण असते आणि मेंदूही वरून ते द्वार उघडझाप करू शकतो. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. ज्यांना औषध म्हणून दिलेल्या निष्क्रिय द्रव्याने, म्हणजे प्लासिबोने, आराम पडला होता, त्यांना नॅलॉक्सोन हे अफूविरोधी द्रव्य देताच वेदना वाढली. आराम हा सोंग नव्हता. शरीरातील अफूसदृश रसायनांचे ते कार्य असावे, असा त्याचा अर्थ. १९९७ मध्ये मॉन्ट्रिऑलला पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी संमोहित व्यक्तींचे हात अतिशय गरम पाण्यात ठेवून मेंदूची चित्रे घेतली. वेदनेचा त्रास कमी वाटेल अशी सूचना दिली की मेंदूच्या अग्र सिंग्युलेट भागातील क्रिया बदलत होती. स्पर्शसंवेदनेचा भाग मात्र पूर्ववत काम करीत होता. दुखणे आणि दुखण्याचा त्रास होणे या दोन गोष्टी काही अंशी वेगळ्या आहेत. पिळवटणारे शरीर आणि ‘दुखले नाही’ म्हणणारा रुग्ण दोघेही खरे असू शकतात, ही शक्यता हुगळीच्या समितीला सुचणे कठीण होते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवर दाखवून दिले की इजेनंतर मज्जारज्जूतील चेतापेशी स्वतःच अतिसंवेदनशील होतात. अशा स्थितीत जखम भरली तरी साधा स्पर्श दुखू शकतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन म्हणतात, आणि तिच्या अनेक रुग्णांच्या एक्स-रे, एमआरआयमध्ये काहीच सापडत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य त्यांनी कितीदा ऐकलेले असते! वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा आदर करावा, असे तिच्या टिपणात स्पष्ट लिहावे लागले.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजीन या नव्या वेदनाशामकास मान्यता मिळाली. ते अफूवर्गीय नाही. मेंदूबाहेरील वेदनावाहक चेतातंतूंतील एक विशिष्ट सोडियम मार्ग ते अडवते. मान्यता आहे ती तात्कालिक वेदनेपुरती. कंबरेतून पायात उतरणाऱ्या जुनाट कळेवर, म्हणजे सायटिकासारख्या दुखण्यावर, त्याची १२ आठवड्यांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. ० ते १० या मोजपट्टीवर औषध घेणाऱ्यांची वेदना सरासरी २.०२ ने उतरली, आणि प्लासिबो घेणाऱ्यांची १.९८ ने. दोन्ही आकडे रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या वेदनेवरून काढलेले आहेत. ती मोजण्याचे दुसरे साधन अद्याप कोणाकडे नाही.