मोटार, ठिणगी आणि रेडिओ

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची मॉरिस मायनर मोटार आहे. १९५० च्या दशकातली ही गाडी त्यांनी हौसेने चालती ठेवली आहे. तिच्यासाठी त्यांनी एक नवा रेडिओ आणला. दिसायला तो अगदी जुन्या पद्धतीचा होता. दोन बाजूंना दोन गोल बटणे, मध्ये पिवळसर उजेडाची लांबट डायल आणि तिच्यावर सरकणारा काटा. आत मात्र सगळे आजचे, ब्लूटूथसकट.

रेडिओची काळी वायर गाडीच्या पत्र्याला लावायची, हे इलेक्ट्रिशियनला पाठ होते. तरी सवयीने त्याने आधी मीटर लावून पाहिला आणि हात मागे घेतला. गाडीचा पत्रा बॅटरीच्या ऋण अग्राला नव्हे, धन अग्राला जोडलेला होता! “कोणीतरी बॅटरी उलटी बसवली आहे,” असे त्याचे मत पडले. गृहस्थ काळजीत पडले आणि आम्हाला विचारायला आले. बॅटरी उलटी नव्हती. ती गाडी कारखान्यातून तशीच आली होती. असे का, याचे उत्तर शोधायचे तर मोटारीत रेडिओ कसा आला तेच पाहावे लागते.

सुरुवात मोटारीच्या इंजिनापासून करू. पेट्रोल इंजिनात इंधन पेटवण्यासाठी ठिणगी लागते. बॅटरीचा प्रवाह एका वेटोळ्यातून जात असतो. तो एकदम तोडला की शेजारच्या, हजारो वेढ्यांच्या दुसऱ्या वेटोळ्यात दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब निर्माण होतो आणि स्पार्क प्लगच्या फटीत ठिणगी पडते. हे वर्णन ओळखीचे वाटते ना? हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये जर्मनीतील कार्लस्रूऽ येथे विद्युतचुंबकीय लहरी प्रथम निर्माण केल्या, त्या अशाच प्रवर्तन वेटोळ्याच्या ठिणगीतून. थोडक्यात, पेट्रोलवर चालणारी प्रत्येक मोटार म्हणजे हर्ट्झ यांच्या उपकरणाची चुलत बहीण. ती रस्ताभर रेडिओलहरी उधळत जाते.

किती वेळा? चार सिलिंडरच्या, चार धावांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. मिनिटाला ३००० फेरे धरले तर मिनिटाला ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००. अशा प्रक्षेपकापासून हातभर अंतरावर नाजूक संग्राहक बसवायचा आणि दूरच्या केंद्राचे क्षीण गाणे ऐकायचे! मोटारीतल्या रेडिओपुढची पहिली अडचण ही होती.

ती सोडवून मोटार-रेडिओ बाजारात रुजवला अमेरिकेत. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांची कंपनी लहान होती. विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग या तरुण तंत्रज्ञांच्या मदतीने तिने १९३० साली मोटारीचा रेडिओ तयार केला. त्याच वर्षी अटलांटिक सिटी येथे रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले होते. गॅल्विन यांनी आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला, ती अधिवेशनाच्या जागेबाहेर उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो ऐकवला. या रेडिओचे नाव मोटोरोला. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले. युरोपात १९३२ साली ब्लाउपुंक्ट कंपनीने मोटार-रेडिओ आणला. त्याचे वजन सुमारे १५ किलो होते आणि किंमत ४६५ राइशमार्क, म्हणजे एका लहान मोटारीच्या किमतीच्या जवळजवळ तिसरा हिस्सा.

ठिणग्यांचा गोंगाट आवरण्याचे उपाय साधे पण नेमके होते. प्लगकडे जाणाऱ्या तारेत काही हजार ओहमचा रोध घातला की ठिणगीतली वेगवान आंदोलने लवकर विरतात. डायनॅमोला धारित्र जोडले की त्याच्या ब्रशांचा खरखराट कमी होतो. संग्राहक पत्र्याच्या पेटीत बंद केला की नको त्या लहरी बाहेरच अडतात.

दुसरी अडचण दाबाची होती. त्या काळच्या रेडिओत व्हॉल्व्ह असत आणि त्यांना शंभर-दोनशे व्होल्टचा दाब लागे. मोटारीची बॅटरी मात्र सहा व्होल्टची. सुरुवातीला त्यासाठी गाडीच्या तळाशी वेगळ्या कोरड्या बॅटऱ्या ठेवीत. रोहित्राने दाब वाढवता येतो, पण रोहित्राला बदलता प्रवाह लागतो. १९३० च्या दशकात यावर ‘व्हायब्रेटर’ नावाची युक्ती रूढ झाली. शाळेतल्या विजेच्या घंटेत जी पट्टी थरथरत प्रवाह जोडते-तोडते, तशीच पट्टी येथे सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरे. तिने तुकडे केलेला प्रवाह रोहित्रातून नेऊन दाब वाढवायचा आणि पुन्हा एकदिश करायचा. जुन्या मोटारीत रेडिओ लावला की आधी बारीक गुणगुण ऐकू येई, ती या पट्टीची.

आता त्या मॉरिस मायनरकडे वळू. त्या काळी मोटारीचा पत्रा बॅटरीच्या धन अग्राला जोडायचा की ऋण, याबाबत एकवाक्यता नव्हती. ब्रिटिश मोटारींत धन अग्र पत्र्याला जोडण्याची पद्धत सर्रास होती. दिव्याला, हॉर्नला किंवा स्टार्टरला प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो याचे सोयरसुतक नसते. साध्या व्हायब्रेटरच्या रेडिओलाही नसे. रोहित्रात शिरण्याआधी प्रवाहाचे तुकडेच व्हायचे, मग सुरुवातीची दिशा कोण विचारतो?

दिशा विचारणारा पाहुणा आला तो अर्धवाहकांबरोबर. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. १९५५ साली क्रायस्लर आणि फिल्को या कंपन्यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ जाहीर केला. किंमत होती १५० डॉलर. ट्रान्झिस्टरला शंभर व्होल्ट लागत नाहीत, त्यामुळे व्हायब्रेटर आणि रोहित्र दोन्ही गेले. पण ट्रान्झिस्टरला प्रवाह ठरावीक दिशेनेच हवा. उलटा जोडला तर तो क्षणात निकामी होऊ शकतो. म्हणून १९६० च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश मोटार-रेडिओंवर धन-ऋण बदलण्याची सोय असे. हळूहळू सगळ्या मोटारींनी ऋण अग्र पत्र्याला जोडण्याची पद्धत स्वीकारली. एमजीबी ही प्रसिद्ध ब्रिटिश गाडी १९६७ मध्ये बदलली. दाबाचेही तसेच. मोठ्या इंजिनांना फिरवायला जास्त शक्ती लागू लागली. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीला निम्मा प्रवाह पुरतो आणि तारा बारीक चालतात. म्हणून १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक अमेरिकन मोटारी सहावरून बारा व्होल्टवर आल्या. फोक्सवॅगन बीटलला मात्र त्यासाठी १९६० च्या दशकाची अखेर गाठावी लागली.

जुन्या चेहऱ्याचे नवे रेडिओ आता खुद्द मोटार कंपन्याही काढतात. पोर्शने २०२० साली आपल्या जुन्या ९११ गाड्यांसाठी दोन बटणांचा असा रेडिओ आणला. पूर्वी या दोन बटणांमागे खरोखरच दोन दांडे असत. एक आवाज कमी-जास्त करी, दुसरा धारित्राच्या पाळ्या फिरवून केंद्र लावी. नव्या रेडिओत दांडा फिरतो, पण धारित्र नसते. किती फिरवले ते एक चिप मोजते. चेहरा १९५५ सालचा असला तरी या रेडिओला बारा व्होल्ट आणि ऋण पत्राच हवा असतो.

आमच्या परिचितांपुढे खरी अडचण ही होती. काळी वायर पत्र्याला लावली तर रेडिओ उलटा जोडला जातो. लाल वायर पत्र्याला लावली तर रेडिओची पेटी आणि अँटेनाच्या तारेचे वेष्टन आतून काळ्या वायरला जोडलेले. ते पत्र्याला टेकताच बॅटरी शॉर्ट होणार. गाडीची सगळी जोडणी उलटी करून घ्यावी, असे एकाने सुचवले. तसे करता येते. पण वडिलांनी वापरलेल्या गाडीत एवढा फेरफार करायला त्यांचे मन घेईना. आम्हालाही ते पटले, कारण ती जोडणी हासुद्धा एक ऐतिहासिक पुरावा आहे. शेवटी आत-बाहेरचे मंडल एकमेकांपासून पूर्ण विलग ठेवणारा एक छोटा परिवर्तक मध्ये घातला, फ्यूज लावला आणि डॅशबोर्ड न कापता रेडिओ त्याच्याखाली पट्टीवर टांगला. परिवर्तकात काय होते? प्रवाहाचे तुकडे करून तो रोहित्रातून नेतात आणि पुन्हा एकदिश करतात. थरथरणाऱ्या पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर आहे, इतकेच. व्हायब्रेटर असा मागच्या दाराने परत आला!

इंजिन सुरू केल्यावर मध्यम लहरींवर टकटक ऐकू आली आणि वेग वाढवताच ती चढत गेली. एफ.एम. लावताच जवळजवळ नाहीशी झाली. ठिणगीचा गोंगाट प्रामुख्याने लहरीच्या उंचीत भर घालतो. एफ.एम.मध्ये संदेश उंचीत नसून वारंवारतेच्या बदलात असतो, म्हणून तो वाचतो.

हे वर्गात सहज दाखवता येईल. मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर दोन केंद्रांच्या मधे लावून ठेवा आणि त्याच्याजवळ गॅस पेटवायचा ठिणगीचा लायटर दाबा (अर्थात गॅसपासून दूर). प्रत्येक ठिणगीला कट्ट आवाज येईल. मग एफ.एम. लावून तेच करा. नंतर केंद्र लावून रेडिओ झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. मुलांना लगेच कारण सांगू नका. आधी तर्क करू द्या. आणि मग विचारा: गाणे डब्यात पोचत नाही, तर पत्र्याच्या मोटारीतल्या रेडिओची अँटेना कुठे असायला हवी?