वीरगळ

वीरगळ (कन्नड 'वीरगल्लु') : लढाईत, गुरे सोडवताना किंवा गाव राखताना पडलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा. शब्दातला 'वीर' संस्कृत, 'गळ' मात्र कानडी. 'कल्लु' म्हणजे दगड. समासात 'क'चा 'ग' होतो. सतीच्या दगडाला कन्नडमध्ये 'मास्तिकल्लु' म्हणतात, तर तमिळमध्ये वीराचा दगड 'नडुकल्', म्हणजे रोवलेला दगड. मराठीत 'ल'चा 'ळ' झाला आणि दगड शब्दातून दिसेनासा झाला. मासे धरायच्या गळाशी त्याचे काही नाते नाही. लिंगही पक्के नाही : कोणी 'तो वीरगळ' म्हणतो, कोणी 'ती'.

खरी फसगत होते ती 'गधेगाळ' या शब्दापाशी. तो दानाचा दगड. दान मोडणाऱ्याला त्यावर गाढवाची अभद्र शिवी कोरलेली असते आणि 'गाळ' म्हणजे शिवी. दोन्ही दगड जुन्या देवळांच्या आवारात आढळतात, दोघांच्या माथ्यावर चंद्रसूर्य, त्यामुळे सर्रास 'गधेगळ' असे लिहिले जाते. ते चूक.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला. गुरांसाठी मेला असेल तर शेजारी गाईही. त्यावर ढाल-तलवारीची झुंज, मग दोन्ही बाजूंनी हात धरून त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. चंद्रसूर्य म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहो. खाली देह पुरलेला असतोच असे नाही, म्हणून याला थडगे म्हणता येत नाही.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. नाव गेले, शेंदूर राहिला. काही ठिकाणी त्यावर धुणेही धुतले जाते. बोरिवलीजवळ एकसरला मात्र चौकटींत वल्ह्यांच्या नौका झुंजताना दिसतात. यादव-शिलाहार संघर्षाशी त्यांचा संबंध जोडला जातो.

कर्नाटकातला आतकूरचा दगड (इ.स. ९४९-५०) बोलका आहे. तक्कोलमच्या लढाईत चोळांविरुद्ध पराक्रम केल्याबद्दल गंग राजा बूतुग याने मनलेर या सेवकाला हवे ते मागायला सांगितले. त्याने राजाची 'काळी' नावाची कुत्री मागितली. पुढे ती रानडुकरावर सोडली गेली आणि दोघे झुंजून मेले. दगडावर कोरलेली झुंज त्यांचीच आहे.