ब्रेक लावूनच चालणारी सायकल

व्यायामाची सायकल म्हणजे चाकं काढून घेतलेली सायकल, असं आपण धरून चालतो. पण ही कल्पना सायकलीपेक्षाही जुनी आहे. कार्ल फॉन ड्राइसची दुचाकी १८१७ची. तिला पेडलही नव्हतं, पायांनी जमीन ढकलत जायचं. त्याच्या एकवीस वर्षं आधी, १७९६ साली, फ्रान्सिस लाउंड्सने लंडनमध्ये ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. हातापायांनी फिरवायचं यंत्र, आणि गिऱ्हाईक कोण, तर सांधे आखडलेले रोगी. म्हणजे मूळ दवाखान्यातलंच.

रस्त्यावर वारा आणि चढ आपल्याला दमवतात. घरात दोन्ही नाहीत, म्हणून दमवण्याचं काम ब्रेकला करावं लागतं. या यंत्राचा पुढचा सगळा इतिहास खरं तर ब्रेकचा आहे. १९१३ मध्ये कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांनी विद्युतचुंबकाचा ब्रेक असलेली सायकल बनवली. माणूस नेमकं किती काम करतो आणि त्यासाठी किती प्राणवायू घेतो, हे त्यांना मोजायचं होतं. (१९२०चं नोबेल त्यांना मिळालं ते केशवाहिन्यांवरच्या कामासाठी.) १९५४ मध्ये स्वीडनच्या फॉन डोबेल्न यांनी त्याहून साधी युक्ती काढली. जड चाकाभोवती पट्टा, आणि पट्ट्याचा ताण दाखवणारा लोलक. भार किती, ते डोळ्यांना दिसायचं. वीज नको, आणि पट्टा झिजला तर बदला.

घरगुती सायकलीत ब्रेक राहिला, मोजमाप गेलं. उरलं एक बटण, १ ते ८ आकडे असलेलं. आठ काय? किलो? वॉट? काहीच नाही.

हे मला बाबांमुळे कळलं. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. पण चंद्रपुरात मे महिन्यात रात्री आठलाही डांबर तापलेलं असतं, म्हणून सायकल आली. तीनवर वीस मिनिटं, असं डॉक्टरांशी बोलून ठरलं होतं. काही महिन्यांनी बाबा फोनवर खुशीत म्हणाले, “आता पाच नंबरही हलका वाटते. पाय मजबूत झाले.”

सुट्टीत घरी आल्यावर मी बसून पाहिलं. एकवर ठेवा की आठवर, काही फरक नव्हता. झाकण काढल्यावर बटणापासून जाणारी तार टोकाला निसटलेली दिसली. ही तार चुंबकांची पट्टी फिरत्या चाकाजवळ ओढते. तार सुटली की स्प्रिंग चुंबकांना लांब ढकलते आणि भार जवळजवळ संपतो. पडदा मात्र रोज तेवढ्याच कॅलरी दाखवत होता. कारण त्याला फक्त पेडलच्या फेऱ्या कळतात, बाकी सगळं त्याच्या प्रोग्रॅममधलं गृहीतक. असा कोड मी कामावर रिव्ह्यूमध्ये परत पाठवला असता.

चुंबक चाकाला शिकवत नाही तरी चाक मंदावतं, यामागचे भोवरी प्रवाह लिऑन फूको यांनी १८५५ मध्ये दाखवले. मुळाशी तत्त्व १८३१च्या फॅरडेंचं, ज्यावर आमच्या गावचं औष्णिक वीज केंद्र चालतं. केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. एक माणूस पेडल मारून सावकाश शंभरेक वॉट देतो. म्हणजे चंद्रपूरच्या बदल्यात २ कोटी ९२ लाख माणसं लागतील, तीही न थांबता.

कंपनीला फोन केला. तंत्रज्ञ नागपूरला, तार सुटी मिळत नाही, अख्खं युनिट घ्या. मग चौकातल्या सायकल मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तार हातात घेतली, “हे त सायकलचंच काम आहे,” म्हणाले, आणि ब्रेकची वायर मापात कापून टोकाला नट कसून दिला. येऊन पेडलच्या दांडीतले छर्रेही पाहिले, ग्रीस भरलं.

डिसेंबर १९८५ मध्ये वरोऱ्याच्या बाबा आमट्यांनी भारत जोडो यात्रा काढली. शंभरहून जास्त तरुण कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलने निघाले. पाठीच्या दुखण्यामुळे ते स्वतः गाडीत आडवे पडून सोबत होते. असा प्रवास सायकलवर जमतो, याचं एक कारण मला आता कळतं: तीच वायर, तेच छर्रे, तोच पाना कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतो.

तार बसली, पण जुना तीन कुठे आहे हे कसं कळणार? डॉक्टरांना विचारलं, त्यांनी पुन्हा एकपासून सुरू करायला सांगितलं. पुढच्यासाठी मी एक साधी चाचणी ठेवली आहे. पेडल मिनिटाला साठ फेऱ्यांवर आणायचं, पाय काढायचे, आणि चाक थांबेपर्यंतचे सेकंद मोजायचे. प्रत्येक नंबरचे सेकंद चिकटपट्टीवर लिहून हँडलला लावलेत. त्यातून वॉट कळत नाहीत, पण या महिन्याचा दोन मागच्या महिन्याएवढाच आहे का, ते कळतं. बाबा दर रविवारी मोजतात. घाम पुसायचं कापड आणि पेडल आवळायचा पाना सीटखाली अडकवलेला असतो. सध्या ते दोनवर आहेत, आणि दोन जड लागते म्हणतात.